बँकेत पैसे आहेत, पण त्यातले संस्थेचे किती? नव्या खजिनदारासाठी गंगाजळीचं गणित

छोट्या सामाजिक संस्थेत खजिनदारपदासाठी सहसा चुरस नसते. हिशेबाची थोडीफार जाण असलेल्या माणसाकडे ते आपसूक येतं. सोबत पासबुक येतं, पावतीपुस्तकं येतात, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल येतो आणि कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, "आपली शिल्लक किती?" तुम्ही पासबुकातला आकडा वाचून दाखवता. आकडा बरा असेल तर सगळ्यांना हायसं वाटतं आणि पुढचा विषय निघतो.

त्या आकड्यावर विसंबू नका, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पण ते नीट समजायला बरंच काही बघावं लागतं. बँकेतली शिल्लक आणि संस्थेची गंगाजळी, म्हणजे अडीनडीला मोकळेपणाने वापरता येणारे पैसे, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फुगत असताना दुसरी आटत जाऊ शकते, आणि हे एका वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही. चार-पाच वर्षं शेजारी शेजारी मांडली की दिसतं. त्यासाठी सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार येत असला आणि प्रत्येक रकमेबद्दल "हे पैसे कशासाठी आलेत?" असं विचारायची तयारी असली की पुरे.

पायरी १: पाच वर्षं एका कागदावर आणा

मागच्या पाच वर्षांचे लेखापरीक्षित अहवाल काढा. संस्था नवी असेल तर जेवढी वर्षं असतील तेवढी. एक मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या आणि प्रत्येक वर्षाला एक रकाना द्या. ओळी मोजक्याच हव्यात: एकूण जमा, एकूण खर्च, वाढावा किंवा तूट, वर्षअखेरीची बँक शिल्लक आणि मुदत ठेवी, ठरावीक कामासाठी आलेला पण न खर्चलेला निधी, कायम निधी, देणी, आणि महिन्याचा सरासरी खर्च.

यातल्या मधल्या तीन ओळी भरताना अडखळाल. कित्येक संस्थांच्या ताळेबंदात सगळे निधी एकाच नावाखाली जमा केलेले असतात आणि कोणती रक्कम कुठल्या कामासाठी आली होती हे फक्त जुन्या सचिवांच्या लक्षात असतं. अशा वेळी मंजुरीची पत्रं आणि देणगीदारांशी झालेला पत्रव्यवहार उकरून काढावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. आणि जुने सचिव हाताशी आहेत तोवर करायचं आहे.

पायरी २: बांधील पैसे आणि मोकळे पैसे वेगळे करा

संस्थेकडे येणाऱ्या पैशाचे तीन प्रकार डोक्यात पक्के ठेवा.

पहिला, बांधील निधी. देणगीदाराने किंवा अनुदान देणाऱ्याने सांगितलेल्या कामासाठीच तो वापरता येतो. शिष्यवृत्तीसाठी आलेला पैसा कार्यालयाच्या भाड्यात घालता येत नाही, भाडं कितीही थकलेलं असलं तरी. तो तुमच्या खात्यात असला तरी त्याच्यामागे एक वचन आहे, आणि काम झालं नाही तर कित्येकदा तो परत करावा लागतो.

दुसरा, कायम निधी, ज्याला बहुतेक संस्था कॉर्पस म्हणतात. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं, अशा अटीवर तो आलेला असतो.

तिसरा, मोकळा निधी. सर्वसाधारण देणग्या, सभासदांची वर्गणी, प्रशिक्षणाचं शुल्क, व्याज असं सगळं यात येतं. संस्थेच्या उद्दिष्टांत बसणाऱ्या कोणत्याही कामावर तो खर्च करता येतो. गंगाजळी होऊ शकते ती फक्त यातून.

मोकळ्या निधीतला काही भाग कार्यकारिणी स्वतःच बाजूला काढते, उदाहरणार्थ पुढच्या वर्षी संगणक बदलायचे म्हणून. अशी रक्कम बांधील नसते, कारण ठराव कार्यकारिणीचा आहे आणि तीच तो बदलू शकते. पण गंगाजळी मोजताना ती धरू नका. तिला काम नेमून दिलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारा चॅरिटी कमिशनही गंगाजळीची व्याख्या अशीच करतो: बांधील निधी वगळा, कामासाठी वापरात असलेली इमारत आणि सामान वगळा, विशिष्ट खर्चासाठी राखून ठेवलेली रक्कम वगळा, मग उरेल ती. अमेरिकेत लेखामानकं ठरवणाऱ्या मंडळाने २०१६ साली नियम बदलले. निधीचे पूर्वीचे ३ वर्ग जाऊन २ राहिले, देणगीदाराची अट असलेला आणि अट नसलेला. शिवाय पुढच्या वर्षभरात खर्चायला प्रत्यक्ष किती पैसा मोकळा आहे, हे संस्थांनी हिशेबात सांगावं असंही ठरलं. दोन्हीकडचा रोख सारखा आहे: एकूण आकडा नको, मोकळा आकडा सांगा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण अशी मांडणी तुम्हाला अनेक संस्थांत भेटेल.

वर्षअखेरीला बँक आणि ठेवी मिळून ३० लाख आहेत. त्यात पुढच्या २ वर्षांच्या प्रकल्पासाठी आगाऊ आलेलं अनुदान १८ लाख. कायम निधी ५ लाख. न दिलेली बिलं, कर्मचाऱ्यांची साठलेली देणी वगैरे अडीच लाख. वजाबाकी करा. उरतात साडेचार लाख. संस्थेचा महिन्याचा खर्च दीड लाख असेल, तर गंगाजळी ३ महिन्यांची आहे. बैठकीत ३० लाख ऐकून ज्यांना हायसं वाटलं होतं, त्यांना हा आकडा सांगणं हे तुमचं पहिलं महत्त्वाचं काम.

खरी गोष्ट कळते ती पाच वर्षांच्या कागदावर. समजा याच संस्थेची पहिल्या वर्षी बँक शिल्लक १२ लाख होती, मोकळा निधी ७ लाख २० हजार होता आणि महिन्याचा खर्च ८० हजार होता. म्हणजे ९ महिन्यांची गंगाजळी. पाच वर्षांत बँक शिल्लक अडीचपट झाली आणि गंगाजळी ९ महिन्यांवरून ३ महिन्यांवर आली. मोकळी रक्कम २ लाख ७० हजारांनी घटली आणि खर्च जवळपास दुप्पट झाला. दोन्ही बाजूंनी ओढ लागली. दर वर्षीच्या अहवालात मात्र "संस्थेची प्रगती समाधानकारक" असं लिहिलेलं असणार, आणि कामाच्या बाबतीत ते खरंही असणार.

पायरी ३: महिन्याचा खरा खर्च शोधा

भागाकारातला खालचा आकडा चुकला तर सगळंच चुकतं. वर्षाच्या खर्चाला १२ ने भागलं की झालं, असं नाही. विम्याचा हप्ता, लेखापरीक्षणाचं शुल्क, वर्षातून एकदा होणारी दुरुस्ती हे सगळं धरलंय का बघा. दर ४-५ वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या संगणकासारख्या वस्तूंचा वर्षाचा वाटाही धरा. ताळेबंदात घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दर वर्षी घटणारी किंमत, दाखवलेला असतो, पण तेवढे पैसे कुणी बाजूला काढलेले नसतात, म्हणून वस्तू मोडली की तो खर्च अचानक आल्यासारखा वाटतो.

दोन आकडे काढून ठेवा. एक, आजचं सगळं काम चालू ठेवायला लागणारा खर्च. दुसरा, सगळे प्रकल्प थांबले तरी चुकवता न येणारा खर्च: भाडं, वीज, किमान माणसं, कायद्याने करावी लागणारी नोंदणी आणि लेखापरीक्षण. गंगाजळीचे महिने शक्यतो पहिल्या आकड्याने मोजा. दुसरा आकडा वाईट दिवसांसाठी हाताशी असू द्या.

स्वयंसेवक फुकट करत असलेली कामंही कागदावर टिपा. एखादे निवृत्त सभासद दहा वर्षं हिशेब लिहीत असतील तर संस्थेला तो खर्च नाही. ते थांबले की दुसऱ्या महिन्यापासून आहे.

पायरी ४: किती महिन्यांची गंगाजळी हवी, ते धोक्यावरून ठरवा

३ ते ६ महिने, असं सगळीकडे सांगितलं जातं. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला आणि एकाच अनुदानावर चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पाला एकच आकडा कसा लागू पडेल? चॅरिटी कमिशनही सगळ्यांसाठी एक आकडा देत नाही. आपल्या धोक्यांचा विचार करून विश्वस्तांनीच तो ठरवावा, असं सांगतो. म्हणून स्वतःच्या संस्थेबद्दल काही प्रश्न विचारा आणि उत्तरं महिन्यांत लिहा.

सगळ्यात मोठ्या देणगीदाराकडून उत्पन्नाचा किती हिस्सा येतो? वरच्या उदाहरणात महिन्याला दीड लाख म्हणजे वर्षाला १८ लाख लागतात. त्यातले ९ लाख, म्हणजे २ वर्षांच्या अनुदानाचा एका वर्षाचा वाटा, एकाच ठिकाणाहून येतात, म्हणजे निम्मे. तो स्रोत थांबला तर दुसरा मिळवायला किती काळ लागेल? अर्ज, भेटी, मंजुरी, करार, पहिला हप्ता असं सगळं धरलं तर ८-१० महिने सहज जातात. मंजूर झालेले पैसे यायला उशीर होतो का? आधी खर्च करा आणि मग बिलं दाखवून पैसे घ्या, अशा पद्धतीची अनुदानं असतील तर तेवढा खर्च तुम्ही तुमच्या खिशातून उचलत असता. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला कुणालाच आवडत नाही: उद्या संस्था बंद करायची ठरली तर कर्मचाऱ्यांचा नोटीस काळातला पगार, त्यांची देणी, भाडेकराराची उरलेली मुदत, शेवटचं लेखापरीक्षण हे सगळं सन्मानाने मिटवायला किती लागेल? ही रक्कम म्हणजे गंगाजळीची तळरेषा. कर्मचाऱ्यांचा पगार बुडवून संस्था बंद होणं हा माझ्या मते सामाजिक कामातला सर्वांत मोठा अन्याय आहे, म्हणून या रेषेखाली जायचं नाही हे आधीच ठरवून टाकावं.

एकाच स्रोतावर टेकलेल्या संस्थेचं काय होतं, याचं एक मोठं उदाहरण शिकागोत आहे. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाउस सुरू केलं. अ‍ॅडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या परंपरेतून चालत आलेली संस्था जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली, दिवाळखोरीत. तिच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सरकारी निधीचा होता. तो आटला तेव्हा तग धरण्याइतकं जवळ काही नव्हतं. सव्वाशे वर्षांच्या नावलौकिकाने एका महिन्याचाही पगार होत नाही.

दुसरं उदाहरण लंडनचं. १९९६ मध्ये सुरू झालेली किड्स कंपनी ही मुलांसाठी काम करणारी संस्था भराभर वाढली. तिला सरकारकडून आणि खासगी देणगीदारांकडून मोठ्या रकमा मिळत होत्या, पण येईल तेवढं गरजू मुलांवर खर्च होत गेलं आणि गंगाजळी साठलीच नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये संस्था बंद झाली. पुढे विश्वस्तांवर खटला चालला. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवायला नकार दिला आणि शेवटच्या दिवसांत झालेले बिनबुडाचे आरोप झाले नसते तर पुनर्रचनेनंतर संस्था बहुधा टिकली असती, असंही म्हटलं. विश्वस्तांचा हेतू प्रामाणिक होता, हे त्यातून दिसतं. पण असा फटका कुणालाही, कधीही बसू शकतो, आणि तो सोसायला काही महिन्यांचे पैसे जवळ असावे लागतात. आलेला प्रत्येक पैसा लगेच कामाला लावणं हे मोठ्या मनाचं लक्षण वाटतं खरं, पण त्याची किंमत पुढे त्याच मुलांना मोजावी लागली.

गंगाजळीला वरची मर्यादाही हवी. दोन वर्षांचा खर्च साठवून बसलेल्या संस्थेला देणगीदार विचारणारच, की काम सोडून पैसे का साठवताय? कायदाही विचारतो. भारतात आयकराची सवलत टिकवायची तर संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर लावावा लागतो, १५ टक्के साठवता येतो. त्याहून जास्त साठवायचं असेल तर कशासाठी आणि किती काळासाठी ते रीतसर कळवावं लागतं, आणि तो काळ ५ वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक देशाचे नियम निराळे, म्हणून आपल्या लेखापालाशी बसून हा विषय वर्ष संपायच्या दोन महिने आधी बोला. वर्ष संपल्यावर बोलून उपयोग नसतो.

पायरी ५: वाढावा उरेल अशी वाट बघू नका, तो अंदाजपत्रकात लिहा

बहुतेक छोट्या संस्थांचं अंदाजपत्रक जमा आणि खर्च बरोबर जुळवून बनवलेलं असतं. ना नफा म्हणजे शेवटी शून्य उरलं पाहिजे, असा एक समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. ना नफा याचा अर्थ वाढावा कुणाच्या खिशात जात नाही, तो संस्थेतच राहतो आणि कामालाच लागतो. वाढाव्याशिवाय गंगाजळी तयार होण्याचा दुसरा मार्गच नाही.

म्हणून अंदाजपत्रकात खर्चाच्या बाजूला एक ओळ टाका: गंगाजळीत भर. मोकळ्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. रक्कम लहान असू दे, पण ती आधी बाजूला निघाली पाहिजे. दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकली तर उत्तम. अवचित आलेल्या पैशाबद्दल वेगळा नियम करा. कुणी मृत्युपत्रात काही ठेवलं, एखादा पुरस्कार मिळाला, तर त्यातला निम्मा तरी भाग थेट गंगाजळीत जाईल, असा ठराव आधीच करून ठेवा. पैसे आल्यावर ठराव करायला बसलात तर प्रत्येकाला सुचलेलं एक नवं काम टेबलावर येतं, आणि ती सगळी कामं चांगलीच असतात.

पण गंगाजळी आटण्याचं मुख्य कारण इथे नाहीच. ते आहे प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात. या मुद्द्यावर थोडा जास्त वेळ द्या.

आपल्याच उदाहरणातली संस्था बघा. वर्षाच्या १८ लाखांपैकी ६ लाख कार्यालयीन आहेत: भाडं, हिशेबनीस, समन्वयकाचा पगार, इंटरनेट, लेखापरीक्षण. मोठा प्रकल्प वर्षाला ९ लाखांचा, पण त्यातले कार्यालयीन खर्चासाठी मिळतात फक्त ८० हजार. प्रत्यक्षात कार्यालयाचा निम्मा वेळ आणि निम्मी जागा त्याच प्रकल्पात जाते. म्हणजे प्रकल्पाचा खरा वाटा ३ लाख. मधले २ लाख २० हजार दर वर्षी कुठून येतात? मोकळ्या देणग्यांतून, आणि त्या पुरल्या नाहीत की गंगाजळीतून. म्हणजे प्रकल्प जेवढे वाढतील तेवढी संस्था आतून हलकी होत जाते. नवं अनुदान मिळाल्याचा आनंद होतो तेव्हा हे कुणाच्याच मनात नसतं.

उपाय साधा आहे, फक्त तो प्रस्ताव पाठवण्याआधी करावा लागतो. एक महिनाभर प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला वेळ कुठल्या कामात गेला ते ढोबळ लिहावं. त्या प्रमाणात कार्यालयीन खर्च प्रकल्पांत वाटा. मग प्रस्तावात "प्रशासकीय खर्च १० टक्के" अशी मोघम ओळ लिहिण्यापेक्षा हिशेबनिसाच्या पगाराचा अमुक हिस्सा, जागेच्या भाड्याचा तमुक हिस्सा असं लिहा. अशा नेमक्या ओळींना मंजुरी मिळणं पुष्कळ सोपं असतं. काही ठिकाणी कायद्यानेच मर्यादा असते. भारतात परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला आता २० टक्क्यांचीच मुभा आहे, २०२० पर्यंत ती ५० टक्के होती. अशी मर्यादा असेल तर फरक कुठून भरणार ते प्रकल्प स्वीकारण्याआधी कार्यकारिणीसमोर ठेवा. फरक भरायची सोय नसेल तर प्रकल्प नाकारायची वेळ येऊ शकते. चांगल्या कामाला नाही म्हणणं जड जातं, पण अर्ध्यावर सोडणं त्याहून वाईट.

पायरी ६: वर्षातला सर्वांत कोरडा महिना शोधा

वर्षअखेरीचा आकडा एका दिवसाचा असतो. अनुदानाचा मोठा हप्ता नेमका वर्ष संपता संपता आला तर ताळेबंद भरलेला दिसतो, आणि चार महिन्यांनी पगाराला पैसे नसतात. विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी राहतं त्यावर तिची पारख होते. संस्थेचंही तसंच बघायचं.

१२ रकान्यांचा तक्ता करा. प्रत्येक महिन्याची सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. मात्र यात फक्त मोकळे पैसे धरा, बांधील निधीचा तक्ता वेगळा. येणारे पैसे मंजुरीच्या तारखेला लिहू नका, खात्यात पडण्याच्या तारखेला लिहा, आणि मागचा अनुभव बघून तारीख एखादा महिना पुढेच ढकला. तक्ता पूर्ण झाला की सर्वांत कमी शिल्लक असलेल्या महिन्यावर खूण करा. ती शिल्लक शून्याखाली जात असेल तर आजच माहीत झालं, आणि अजून हातात वेळ आहे: एखाद्या देणगीदाराला हप्ता लवकर देण्याची विनंती करता येते, खरेदी पुढे ढकलता येते.

अशा कोरड्या महिन्यात सर्वांत मोठा मोह असतो तो बांधील निधीतून तात्पुरती उचल घेण्याचा. पैसे त्याच खात्यात असतात, पुढच्या महिन्यात परत टाकू असं वाटतं. अशी उचल सवयीची झाली की कधीतरी परत टाकायला पैसेच नसतात, आणि तेव्हा तो हिशेबाचा प्रश्न न राहता विश्वासघाताचा होतो. करारात परवानगी नसेल तर उचल घ्यायचीच नाही, हा नियम खजिनदाराने एकट्याने का होईना पाळावा. शक्य असेल तर मोठ्या प्रकल्पाचं बँक खातंच वेगळं ठेवा.

पायरी ७: एका पानाचं लेखी धोरण करा

गंगाजळी साठवण्याइतकंच, ती कधी आणि कुणाच्या संमतीने वापरायची हे ठरवणं गरजेचं आहे. ते शांत काळात लिहून ठेवलं नाही तर अडचणीच्या वेळी जो मोठ्याने बोलेल त्याचं खरं होतं. धोरण लांबलचक नको. साधारण असं लिहिता येईल:

"संस्थेची गंगाजळी किमान ४ आणि कमाल ९ महिन्यांच्या खर्चाइतकी असावी. गंगाजळी म्हणजे बांधील निधी, कायम निधी, वापरातली मालमत्ता आणि नेमून ठेवलेल्या रकमा वगळून उरलेला मोकळा निधी. मंजूर उत्पन्नाला उशीर, उत्पन्नात अचानक घट किंवा टाळता न येणारा अनपेक्षित खर्च, या कारणांसाठीच ती वापरता येईल. १ महिन्याच्या खर्चापर्यंत अध्यक्ष आणि खजिनदार मिळून निर्णय घेतील आणि पुढच्या बैठकीत कळवतील. त्यापुढे कार्यकारिणीचा ठराव लागेल. ठरावात परतफेड कशी आणि किती महिन्यांत होईल ते लिहिलेलं असेल. २ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम संस्था बंद करण्याच्या वेळच्या देण्यांसाठी असून ती इतर कारणासाठी वापरता येणार नाही. धोरणाचा आढावा दर वर्षी घेतला जाईल."

आकडे तुमचे तुम्ही घाला. ठराव इतिवृत्तात नोंदवा.

पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न यात येतोच. एक-दीड महिन्याची रक्कम बचत खात्यात आणि उरलेली मुदत ठेवींत, पण सगळी एकाच ठेवीत नको. वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपेल अशा लहान लहान ठेवी करा, म्हणजे गरज पडली तर एखादीच मोडावी लागते. जास्त परताव्याच्या मागे लागू नका. गरजेच्या दिवशी पूर्ण रक्कम हातात येणं हा गंगाजळीचा एकमेव गुण आहे. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत किती रकमेपर्यंत आहे ते बघा, आणि संस्थांनी पैसे कुठे गुंतवावेत याचे कायद्यात नियम असतील तर तेही.

पायरी ८: वर्षं सरतात तसा कागद वाचायला शिका

पहिली दोन-तीन वर्षं गंगाजळी नसल्यातच जमा असते. तेव्हा ६ महिन्यांचं ध्येय ठेवून खचून जाण्यापेक्षा १ महिना गाठा, मग २. १ महिन्याच्या गंगाजळीनेही पगार वेळेवर होतात आणि माणसं टिकतात.

खरा धोक्याचा काळ पहिलं मोठं अनुदान आल्यावरचा. माणसं वाढतात, जागा मोठी घेतली जाते, आणि महिन्याचा खर्च वाढतो. लक्षात घ्या, गंगाजळीची रक्कम तेवढीच राहिली तरी महिने कमी होतात. ज्या वर्षी खर्च दीडपट होणार त्या वर्षी गंगाजळी दीडपट कशी करणार, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारा.

मग केव्हातरी तुटीचं वर्ष येतं. तूट आली म्हणून घाबरू नका. गंगाजळी वापरण्यासाठीच असते आणि वाईट वर्षातही तिला हात न लावता कामं बंद करणाऱ्या संस्था मी बघितल्या आहेत, तेही बरोबर नाही. फक्त तूट कशामुळे आहे ते ओळखा. हप्ता उशिरा आला, छप्पर दुरुस्त करावं लागलं, एक कार्यक्रम रद्द झाला, ही तूट संपणारी आहे. तिथे गंगाजळी वापरा आणि परत भरा. पण सलग दोन वर्षं मोकळ्या निधीत तूट असेल आणि कारण दर वेळी वेगळं सांगितलं जात असेल, तर कारण एकच आहे: संस्थेचा नेहमीचा खर्च नेहमीच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला आहे. ती तूट गंगाजळीने भरून निघत नाही, फक्त काही महिने झाकली जाते. तेव्हा खर्च कमी करायचा की उत्पन्न वाढवायचं, हा निर्णय गंगाजळी निम्मी शिल्लक असतानाच घ्या. निम्मी असताना पर्याय असतात. माणसांना वेळेवर सांगता येतं, एखादा प्रकल्प दुसऱ्या संस्थेकडे नीट सोपवता येतो.

दर ३ महिन्यांनी कार्यकारिणीला चार आकडे द्या: मोकळा निधी, तो किती महिन्यांचा आहे, येत्या १२ महिन्यांतला सर्वांत कोरडा महिना, आणि सगळ्यात मोठ्या देणगीदाराचा हिस्सा. शेजारी मागच्या तिमाहीचे आणि मागच्या वर्षीचे तेच आकडे असू द्यात. बाकी तपशील मागे जोडा. देणगीदारांनाही गंगाजळीबद्दल मोकळेपणाने सांगा: किती आहे, का आहे, किती ठेवायचं ठरवलं आहे. वार्षिक अहवालात त्यासाठी एक परिच्छेद पुरतो.

आणि पद सोडाल तेव्हा पासबुकाबरोबर हा पाच वर्षांचा कागद, १२ महिन्यांचा तक्ता आणि प्रत्येक बांधील निधीच्या मंजुरीपत्राची प्रत नव्या खजिनदाराच्या हातात द्या. एक संध्याकाळ सोबत बसून ओळ न् ओळ समजावून सांगा, आणि काय दिलं त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.